लिलीचा वाफा

फुलांचे कौतुक सर्वांनाच असते. पानांकडे पाहण्यास मात्र फारसे कोणी थांबत नाही. माझ्या अंगणात भिंतीच्या कडेने लिलीचा एक वाफा आहे. त्यात फुले उमलली, की येणारा-जाणारा क्षणभर रेंगाळतो, 'वा!' म्हणतो आणि पुढे निघून जातो. ती फुले चार दिवसांची. एरवी तेथे पानेच असतात आणि माझा खरा स्नेह जडला आहे तो त्या पानांशीच.

या वाफ्यात तीन प्रकारच्या लिली नांदतात. पहिल्या पावसाबरोबर उमलणारी इवलीशी गुलाबी पावसाळी लिली, कोळ्याच्या पायांसारख्या लांबट पाकळ्यांची पांढरी स्पायडर लिली आणि कर्ण्याच्या आकाराच्या मोठ्या फुलांची तांबडी लिली. वनस्पतिशास्त्रज्ञ यांना खऱ्या लिलीच्या कुळात बसवत नाहीत. नागदवण्याच्या गोतावळ्यात त्यांची गणना करतात. तिघींचाही जीव जमिनीतील कंदात असतो. पाने उन्हात अन्न तयार करतात, ते कंदात साठते आणि त्याच शिदोरीवर पुढच्या वर्षीचे फूल येते. म्हणूनच पान दुखावले, की फूल दुरावते.

पान पिवळे दिसताच पुष्कळ लोक घाईने पाणी घालू लागतात. परंतु सगळा पिवळेपणा सारखा नसतो. सर्वांत खालचे जुने पान एकटेच पिवळे होत असेल, तर ते त्याचे म्हातारपण समजावे. जाता जाता ते आपल्याजवळचे सत्त्व कंदाच्या स्वाधीन करीत असते. ते पुरते वाळेपर्यंत तोडू नये. बरीच पाने एकदम पिवळी होऊन बुडाशी मऊ पडली, तर मुळांशी पाणी साचले आहे असे ओळखावे. मुळांनाही हवा लागते. अशा रोपाला आणखी पाणी देणे म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर घागर ओतणे! तेथे उपाय एकच, पाण्याचा निचरा.

कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिकटला, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. एका वर्षी भिंतीलगतच्या रोपांची अशीच गत झाली. भिंतीचा चुना झडून मातीत मिसळला होता. मातीत चुना वाढला, की तिच्यातले लोह मुळांना घेता येत नाही; ताट वाढलेले असूनही उपाशी राहावे तसे ते होते. ती रोपे मी भिंतीपासून दोन हात दूर लावली व कुजलेले शेणखत घातले. नंतरची पाने हिरवीगार आली.

पानांवर तांबडे डाग व चट्टे उठले, तर ते बहुधा बुरशीचे काम असते. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ती एका पानावरून दुसऱ्यावर जाते. डागाळलेली पाने काढून टाकावी, पाणी पानांवर न शिंपडता बुडाशी द्यावे आणि रोपांत मोकळी जागा ठेवावी, म्हणजे वारा खेळतो व पाने लवकर सुकतात.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो. काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेली ही अळी दिसायला मोठी नटवी. पण तिची भूक विलक्षण! अळ्यांचा थवा दोन-चार दिवसांत पानांचा फडशा पाडतो. या पानांत विषारी द्रव्ये असल्यामुळे गुरे त्यांना तोंड लावीत नाहीत. या अळीला मात्र ती पचतात. पानावर अंड्यांचे पुंजके दिसताच तेवढा भाग कापून घ्यावा. अळ्या हातमोजे घालून वेचाव्या व साबणाच्या पाण्यात टाकाव्या. अळी मातीत शिरून कोष करते. म्हणून रोपांभोवतीची माती हलक्या हाताने उकरावी. एवढ्याने भागले नाही, तर १ लिटर पाण्यात सुमारे ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. जहाल औषधाने मधमाश्याही मरतात, हे ध्यानात ठेवावे.

या साऱ्या दुखण्यांना उपाय आहे. ज्याला तो नाही, असे दुखणे माझ्या वाफ्यात एकदाच आले, आणि तेही नेमके आईने गावच्या घरून आणलेल्या तांबड्या लिलीला. तिच्या पानांवर फिकट व गडद हिरव्या रेघांची सरमिसळ दिसू लागली. पान उन्हासमोर धरले, की त्या रेघा अधिकच स्पष्ट दिसत. खत दिले, जागा बदलली, तरी नवे प्रत्येक पान तसेच रेघाळलेले येई. तो विषाणूचा रोग होता. तो कंदातच मुरलेला असतो आणि मावा नावाचे बारीक किडे तो शेजारच्या रोपांत नेतात. रोगट रोप उपटून टाकणे, एवढेच माणसाच्या हाती उरते.

माझा हात धजेना. त्या रोपाला दरवर्षी फूल येई आणि आई त्याच्याशी बोलल्यासारखी उभी राही. अखेर मी तिला ते पान दाखवले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले,

"बाकीच्यांना लागण झाली आहे का?"

"अजून नाही, आई."

"मग कशाची वाट पाहतोस? हिच्या मायेपायी त्यांना मारू नकोस."

तिनेच खुरपे घेतले. कंद मुळांसकट निघाला. तो खताच्या खड्ड्यात न टाकता आम्ही जाळून टाकला आणि खुरपे साबणाने स्वच्छ धुतले. त्या दिवशी आई फारशी बोलली नाही.

त्या वर्षी वाफ्यात एक जागा रिकामी राहिली. पण शेजारच्या रोपांची पाने निर्मळ राहिली. झाडाला वाचा नसते. आपले दुखणे ते पानांवर लिहून ठेवते आणि कोणीतरी ते वाचील म्हणून मुकाट्याने उभे राहते. ते वाचायला मोठी विद्या लागत नाही. रोज घटकाभर वाकून पाहण्याची सवय लागते. आणि वाचल्यावर जे करणे प्राप्त असेल, ते मनाला जड गेले तरी वेळेवर करण्याचे धैर्य लागते.