जिवंतांची गणती

आम्हा भाषेच्या माणसांना आकड्यांविषयी एक उपजत अविश्वास असतो. आमच्या महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाईंशी माझा वाद होतो तो यावरूनच. गावाकडच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात पिण्याजोगे आहे का, एवढेच मला विचारायचे होते. उत्तर मात्र बरेच लांबले.

बशीतल्या पोषकद्रव्यावर जीवाणू वाढवून त्यांचे ठिपके मोजणे ही जुनी रीत. परंतु माती-पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली जेवढे दिसतात, त्यांपैकी पुष्कळदा शंभरात एकही बशीत वाढत नाही. म्हणून जीव न वाढवता त्याचा डीएनएच वाढवायचा. १९८३ साली कॅरी मुलिस यांना सुचलेल्या 'पीसीआर'मध्ये प्रत्येक आवर्तनाला प्रती दुप्पट होतात. तीस आवर्तनांत, निदान कागदावर, एकीच्या शंभर कोटींहून अधिक. यातली उकळती उष्णता सोसणारे विकर मिळाले ते यलोस्टोनच्या उन्हाळ्यात सापडलेल्या, १९६९ साली नोंदवलेल्या 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' या जीवाणूपासून. जीवाणूंच्या गणतीचे साधन जीवाणूनेच पुरवावे, हे मला फार आवडले.

प्रती वाढतात तशी नमुन्यातली चमक वाढते. मुळात डीएनए दहापट असेल, तर ती ठरावीक रेषा सुमारे सव्वातीन आवर्तने आधी ओलांडते. त्यावरून मूळ संख्या काढायची. (कसदार मातीतील ह्यूमिक आम्ले मात्र ही क्रियाच रोखतात, म्हणजे माती जितकी समृद्ध, तितकी गणती तोकडी पडण्याचा धोका!)

पण मोजले जाते ते जनुक, जीव नव्हे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर मेलेल्या जीवाणूंचा डीएनए काही काळ पाण्यात उरतो आणि यंत्र त्यालाही इमानाने मोजते. मतदारयादीत दिवंगतांची नावे राहतात, तसेच काहीसे. उलट बशीचा आकडा शून्य आला तरी निश्चिंत होता येत नाही. पटकीचा जीवाणू जिवंत असूनही बशीत न वाढण्याच्या सुप्तावस्थेत जाऊ शकतो, हे रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवले. एक रीत मेलेल्यांना जिवंत धरते, दुसरी जिवंतांना मेलेले. पिणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी चूक मला अधिक भयंकर वाटते.

यावर एक उपाय आहे. फाटक्या आवरणाच्या, म्हणजे बहुधा मृत, पेशींत शिरणारे एक रंगद्रव्य नमुन्यात घालतात. प्रकाश पडताच ते तिथल्या डीएनएला चिकटते आणि त्याच्या प्रती निघेनाशा होतात. पण आवरण शाबूत राखून मेलेले यातूनही निसटतातच, असे बाई म्हणाल्या, आणि तोवर पाणी उकळूनच प्या, असेही.