शेवटी जेवणारीचे ताट

आमच्या घरी बायका शेवटी जेवत. कोणी तसा नियम केला नव्हता. पण सासूबाई तशा जेवल्या, जाऊबाई तशा जेवल्या आणि मीही तीस वर्षे तशीच जेवले. गडीमाणसे उठली, लेकरे उठली, की आम्ही दोघी जावा चुलीपाशी ताट घेऊन बसायचो. वरण संपलेले असे, भाजी संपलेली असे. पण पाटवडीच्या रश्शावरची तर्री पातेल्यात राहिलेली असे. ती टाकायची कशी? तेल काय फुकट येते? मग ती सकाळच्या भातात कालवायची, सोबत लोणच्याची फोड घ्यायची, की झाले जेवण.

आमचे घर हुडकेश्वरचे. २०१३ साली गाव नागपूर महापालिकेत गेले, भोवती लेआउट पडले, पण उमरेड रस्त्याकडची थोडी शेती आम्ही राखली. २०१९ साली तुरी कापायच्या दिवसांत जाऊबाईंच्या छातीत जळजळ सुरू झाली. पाठीत कळ येई, जबडा दुखे, भारा उचलला की दम लागे. मी म्हटले, "बाई, दवाखान्यात चला नं."

त्या म्हणाल्या, "काही नाही वं, पित्त होय. राती भजे खाल्ले ना."

जवळच्या एका दवाखान्यातही पित्ताचीच गोळी मिळाली. अठ्ठावन्न वर्षांची, कष्टाची, सडपातळ बाई. हिला कसले हृदयाचे दुखणे, असेच आम्हा सगळ्यांना वाटले. चौथ्या दिवशी पहाटे घामाने त्यांचे लुगडे ओलेचिंब झाले, तेव्हा मेडिकलला नेले. झटका येऊन गेला होता. जीव वाचला, पण हृदय कायमचे दुबळे झाले. आजही त्या चार पायऱ्या चढल्या की भिंतीला हात लावून उभ्या राहतात.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "यांची पाळी जाऊन किती वर्षे झाली?" आम्हाला नवल वाटले. पाळीचा आणि छातीचा काय संबंध?

त्यांनी समजावले ते असे. बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचा एक रस तयार होतो. रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला तो मदत करतो. पाळी जायच्या सुमारास तो कमी होतो. मग रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते, रक्तदाब चढू लागतो, चरबी पोटावर जमते. तोवर पुरुषांना जास्त असलेला धोका आता बाईलाही गाठू लागतो. शिवाय बाईचा झटका नेहमी छातीत जोराची कळ घेऊनच येतो असे नाही. दम लागणे, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, भलता थकवा, अशा रूपानेही येतो.

मला तेव्हा एक्कावन्नावे लागले होते आणि पाळी जाऊन वर्ष झाले होते. घरी येऊन मी माझ्या ताटाकडे पाहिले. ज्या वयात जपायचे, त्याच वयात सगळ्या घराचे उरलेले तेल आणि मीठ माझ्या पोटात जात होते. माझा रक्तदाब तपासला, तर तोही वाढलेला निघाला.

पहिला हिशेब तेलाचा केला. सहा माणसांना महिन्याला सात किलो तेल लागे. पळीने ओतणे सोडले आणि चमच्याने मोजू लागले. गोळाभातावर कढत तेल घेणे सणावारापुरते ठेवले. तळणाचे तेल पुन्हापुन्हा तापवणे बंद केले. वर्षभरात साडेतीन किलोवर आलो. वनस्पती तूप तर घरात आणतच नाही. त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला फार वाईट. २०२२ पासून सरकारने तिच्यावर शेकडा २ ची मर्यादा घातली आहे.

मग मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे सपाट एक लहान चमचा, तोही लोणचे-पापडातले धरून. आम्ही लोणच्याची बरणी खालच्या फळीवरून वरच्या फळीवर नेली. उठून घ्यावी लागते म्हणून निम्मी वाचते.

आणि जवस! माझ्या लहानपणी रब्बीत जवसाची निळी फुले दिसायची. सोयाबीन आले आणि जवस मागे पडला. पण नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालते. एनएल-९७, एनएल-२६० ही वाणे तिथलीच. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ चरबी असते, हृदयाला चांगली. दाणे मात्र भाजून कुटावे. अख्खे खाल्ले तर न पचताच जातात. लसूण, जिरे, तिखट घालून केलेली दोन चमचे चटणी रोज पुरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बाकी सारे घरचेच: ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी, चिवळ, हरभऱ्याची भाजी आणि मोसमात संत्री. संत्र्याचा रस काढू नये, फोडीच खाव्या.

सगळ्यांत अवघड गेले ते सोबत जेवणे. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन पंगतीत बसले, तर यजमान म्हणाले, "वाढणार कोण मंग?" मी म्हटले, "मधात पातेले ठेवले हाये, ज्याले लागन त्याने घ्या." दोन दिवस कुरकुर झाली. मग थोरला पोरगाच वाढू लागला. आता वरण मलाही मिळते.

भगिनींनो, पाळी गेली की सुटलो असे आपण म्हणतो. त्याच वर्षी एकदा आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. काम करताना छाती जळली आणि दम लागला, तर पित्त म्हणून घरी बसू नका.

जाऊबाई आता पंगतीत माझ्या शेजारी बसतात. कधी कधी रश्शाकडे पाहून म्हणतात, "जराशी तर्री दे वं." मी देते, अर्धा चमचा.