पेजेची वेळ

आमच्या साखळीत पूर्वी घड्याळाकडे न पाहताही सकाळचे साडेदहा-अकरा वाजल्याचे कळत असे. ती पेजेची वेळ. शेतातला माणूस बांधावर येई, घरातल्या चुलीवरचे मडके खाली उतरे. उकड्या तांदळाची पेज, तीत मिठाचा खडा आणि तोंडी लावायला तोराचे लोणचे किंवा भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा. जड दुपारच्या कामाला एवढे इंधन पुरे होई.

मला मात्र या पेजेची लाज वाटे. सोबत्याच्या घरी चहा-बिस्किटे मिळत आणि आमच्याकडे हे मडके! कोणी मित्र दारात आला की मी वाटी मागे सरकवी. आजी म्हणे, ‘‘पुता, पेज जेव आनी मागीर वच.’’ मी तोंड वाकडे करून चार घोट घेई आणि पळे. पुढे नोकरी लागली, हातात पगार आला आणि घरात उकड्याच्या जागी पांढराशुभ्र सुरय तांदूळ शिजू लागला. तो आमच्या सुस्थितीचा दाखला होता. नाचणे तर घरातून कधी गेले, हेही कोणाच्या ध्यानात आले नाही. डोंगरउतारावरची कुमेरीची शेती मुक्तीनंतर वनकायद्यांमुळे आटत गेली, पुरुषमाणसे खाणींवर जाऊ लागली आणि धान्य दुकानातून येऊ लागले.

2016 साली माझ्या रक्तात साखर सापडली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, ‘‘पांढरा भात कमी करा. नाचणी खा, कडधान्ये खा, पालेभाजी वाढवा.’’ मला हसू आले. ज्या अन्नापासून मी आयुष्यभर पळालो, तेच आता औषधाच्या चिठ्ठीवर चढले होते! बाजारात गेलो तर नाचणे तांदळापेक्षा महाग. गरिबाचे धान्य श्रीमंत झाले होते आणि मी मात्र रोगी.

मग वाचायला लागलो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते जेमतेम दहा. उकड्या तांदळाचे मर्मही तेव्हा कळले. भात टरफलासकट उकडताना कोंड्यातले ‘ब’ जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, म्हणून सडल्यानंतरही त्यातले बरेचसे टिकते. जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सावरतात. त्या वाटेने बेरीबेरीचे कारण उलगडले आणि 1929 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आजीला यातले काही ठाऊक नव्हते. तिच्या घरी उकडा होता, एवढेच.

घरात पुन्हा कुळथाचे सार आले. पावसात टायकिळ्याची भाजी आली. तेरे घशाला खाजते म्हणून त्यात आंबट घालायची जुनी युक्ती बायकोने आठवून केली. तीन-चार महिन्यांत वजन उतरले, साखर आटोक्यात आली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. पूर्वजांच्या अन्नाने मी बरा झालो, असे जो भेटेल त्याला सांगत सुटलो आणि कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या.

पुढच्या पावसाळ्यात चपलेने अंगठ्याला लागले. जखम दीड महिना भरेना. तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर अडीचशेच्या घरात होती. अंगठा थोडक्यात वाचला. डॉक्टरांनी आवाज न चढवता विचारले, ‘‘पेज किती घेता?’’ म्हटले, ‘‘तीन वाट्या.’’ ‘‘आणि ती घेऊन काय करता?’’ मी म्हणालो, ‘‘वर्तमानपत्र वाचतो.’’ ‘‘तुमची आजी काय करायची?’’

त्या प्रश्नाने मी गप्प झालो. आजी भात कांडायची, विहिरीचे पाणी ओढायची, डोंगरावरून लाकडाची मोळी आणायची. उकडा असला तरी तो भातच. त्याची रक्तात साखर होतेच. ती जाळायला आजीजवळ दिवसभराचे कष्ट होते, माझ्याजवळ आरामखुर्ची.

आणखीही एक गोष्ट त्या दिवशी आठवली. घरातले सगळे जेवले की मडक्यात जे उरे ते आजी घेई. पुष्कळदा शिते आमच्या ताटात आणि नुसते निवळ तिच्या वाट्याला. तिची दोन मुले वर्षाची होण्याआधीच गेली. ‘जुने खाणे किती निरोगी!’ असे म्हणताना हे मडके मी विसरलो होतो. शिवाय जुने म्हणजे नेमके कुठले जुने? आमच्या हुमणातली मिरची, डोंगरावरचा काजू, परसातली पपई पोर्तुगीज काळात समुद्रापलीकडून आली. पोदेराची कोंड्याची पोळीही त्याच काळातली. आजीने कुळ-गोत्र न विचारता जे चांगले ते घरात घेतले.

2023 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे छापून आले. देशात मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के, तर गोव्यात 26.4, सर्व राज्यांत अधिक. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केलेले. एकीकडे नाचणीचा गौरव आणि दुसरीकडे आमच्यात चारांतल्या एकाला साखर! आकडा वाचून मी अंगठ्यावरचा व्रण चाचपला.

आता मी गोळी वेळेवर घेतो. पेज एकच वाटी आणि तिच्याबरोबर मुगाची किंवा कुळथाची उसळ असतेच. खारा बांगडा रक्तदाबामुळे क्वचित. संध्याकाळी वाळवंटीच्या काठाने तासभर चालतो. आणि घरात एक नियम केला आहे: बायको आणि सून आमच्याबरोबरच जेवायला बसतात. आजीचे ऋण फेडायची हीच रीत मला सुचली.

गेल्या दिवाळीत पहाटे अंगणात कारीट फोडले आणि फोव मांडले: ताकातले, दुधातले, रोसातले. मी सगळ्यांतले चमचा-चमचा घेतले. नात मात्र नाचण्याच्या तिजानाभोवती घुटमळत होती. तो तपकिरी रंग पाहून म्हणाली, ‘‘आबा, हें चॉकलेट?’’

‘‘खाऊन तर बघ,’’ म्हटले.

तिने वाटी मागे सरकवली नाही.