झिंग्याचे नाव

यवतमाळच्या बाजारात झिंग्याला आडनाव लागत नाही. पैनगंगेचा असो की एखाद्या तळ्यातला, टोपलीत पडला की तो नुसता झिंगा. पुण्यामुंबईकडची मंडळी त्याला कोळंबी म्हणतात, एवढाच काय तो मतभेद. त्याचे कुळगोत्र कोणी विचारीत नाही.

शास्त्रज्ञांना मात्र कुळगोत्राशिवाय चैन पडत नाही. आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका स्नेह्यांनी मला गोड्या पाण्यातल्या महाझिंग्याची, म्हणजे बंगाल्यांच्या ‘गलदा चिंगडी’ची, हकीकत सांगितली. न्यू गिनीतल्या झिंग्यावरून द मान या डच पंडिताने १८७९ साली ‘रोझेनबर्गी’ हे नाव दिले. पुढे भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे महाझिंगे त्याच नावाखाली नांदू लागले.

पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे झिंगे निराळे असावेत, अशी शंका होतीच. पण नुसत्या रूपावर किती विसंबायचे? या झिंग्यांत एकाच जातीचे नर तीन तऱ्हांचे असतात : निळ्या नांग्यांचे, नारिंगी नांग्यांचे आणि लहानखुरे! अखेर जनुकांची साक्ष काढली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोन्ही घराणी फार पूर्वीच विभक्त झाल्याचे दिसले. २००७ मध्ये त्यांच्या दोन जाती मानल्या गेल्या. नाव न्यू गिनीचे, म्हणून ते पूर्वेकडच्याकडे राहिले. पश्चिमेकडचा झाला ‘डॅकेटी’.

आता पंचाईत अशी, की जगभर तळ्यांतून पाळला जातो तो पश्चिमेकडचा. आणि पुस्तकांत, व्यवहारात तो ‘रोझेनबर्गी’ म्हणूनच प्रसिद्ध! शेवटी २०१० साली प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ते नाव त्यालाच दिले. पूर्वेकडचा ‘वॉलेसी’ झाला.

“मराठीच्या प्राध्यापकांचे यावर काय मत?” स्नेह्यांनी विचारले.

व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवत्तर, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. तेल म्हणजे मूळचे तिळाचे. पण आमच्या या कापसाच्या जिल्ह्यात सरकीचे तेल म्हणताना तीळ कोणाला आठवतो? जनुकांनी नाते ठरवले, नाव ठरवले ते हाक मारणाऱ्यांनी. निकाल मला मान्य आहे. तरी त्या न्यू गिनीच्या झिंग्याविषयी मनाला जरा चुटपुट लागतेच. ज्याच्यावरून नाव पडले, त्यालाच नवे नाव घ्यावे लागले. जसे आज तिळालाही दुकानात ‘तिळाचे तेल’ अशी स्वतःची ओळख करून द्यावी लागते.