चाकाचा एक फेरा, चार ठोके

नाशिक, डिसेंबर

प्रिय मित्रा,

तुझ्या गाडीच्या टिकटिकीचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. गॅरेजवाला इंजिन खोलू म्हणतोय ना? दोन दिवस थांबव त्याला. माझ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचंही नुकतंच हेच झालं.

भाद्रपदात हरसूलकडे एका फरशी पुलावर पाणी होतं. फोर-व्हील टाकून पार झालो. घरी येऊन टू-व्हीलवर घेतली, पण पुढच्या चाकांचे हब सोडायचे राहिले. ते दिवाळीपर्यंत लॉकच. मग एकदा त्र्यंबक रोडला कंपाउंडच्या भिंतीकडेने जाताना ऐकू आलं, टिक, टिक, टिक. वेग वाढवला की ठोके जलद. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून सांगितलं, टॅपेट वाजतायत, हेड खोलावं लागेल. तुला माहीतच आहे, थार बनते ती आपल्याच गावात. ओळखीत गाडीचा जाणकार निघतोच. चार जणांनी चार रोग सांगितले. मन काही घेईना.

शेवटी द्वारका चौकाजवळच्या मेकॅनिक चाचांकडे नेली. त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. म्हणाले, "इंजिन बंद कर, न्यूट्रल कर आणि ढकला." पुढच्या टायरवर खडूची रेघ ओढली. आम्ही तिघं ढकलतोय आणि चाचा वाकून गाडीखाली कान देऊन चालतायत. रेघ जमिनीवरून निघून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत चार ठोके पडले. इंजिन बंद होतं, तरी आवाज होता. टॅपेटचा प्रश्नच मिटला! टायरच्या खाचेत खडा असता तर फेऱ्याला एक ठोका पडला असता. या गाडीत चाक एकदा फिरतं तेव्हा क्राउन-पिनियनमुळे प्रोपेलर शाफ्ट चारदा, थोडा जास्तच फिरतो. म्हणजे आवाज शाफ्टचा. पण पुढचा की मागचा? चाचांनी दोन्ही हब फिरवून मोकळे केले आणि परत ढकलायला लावलं. चिडीचूप. हब सुटले की पुढचा शाफ्ट थांबतो, मागचा फिरतच राहतो. पाच मिनिटांत निकाल लागला, एक नटही न खोलता.

खाली सरकून बघितलं तर पुढच्या शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या कपाभोवती हळदी-कुंकवासारखी तांबूस भुकटी. पाण्याने ग्रीस धुऊन नेलं होतं. गाडी पाण्यातून काढली की ग्रीस गन मारायला हवी. मी मारली नव्हती. शाफ्ट सोडण्याआधी चाचांनी त्याच्या सरकत्या जोडाच्या दोन्ही बाजूंना रंगाची खूण केली. तो फिरवून बसला तर दोन टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरायला लागते. क्रॉस ठोकून काढला. कपातल्या सुयांपैकी निम्म्यांचा चुरा झालेला, क्रॉसच्या दांड्यावर सुयांचे वळ नखाला लागत होते. असाच हायवेला शाफ्ट निखळला असता तर, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

आता तुझं. तू लिहितोस, गार इंजिनवर टिकटिक आणि दहा-पंधरा मिनिटांनी बंद. गाडी उभी असतानाही वाजते, म्हणजे ते चाकाचं-शाफ्टचं नाही. हायड्रॉलिक टॅपेट असता तर ऑइल चढताच, बहुधा काही सेकंदांत शांत झाला असता. इतका वेळ घेतोय म्हणजे मला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा संशय आहे. गॅस्केट फाटलेलं किंवा स्टड तुटलेला असेल. धातू तापून फुगला की फट मिटते. इंजिन गार असताना टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड हेडला जुळतो तिथे बघ. काजळीचा काळा फराटा दिसेल.

हे नक्की होईपर्यंत एक कर. तुमच्याकडे बर्फ पडतो तेव्हा तुम्ही गाडी गरम करायला काचा बंद करून आत बसता. ते बसू नकोस, मुलांना तर मुळीच बसवू नकोस. फटीतून गळणाऱ्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर त्याचा वासही कळत नाही. आणि उद्या सकाळी स्टार्टर मारण्याआधीच फोनवर रेकॉर्डिंग चालू कर, मला पाठव. मी चाचांना ऐकवतो.

तुझा,
नाशिककर