तिसरी घंटा

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी संगीत नाटक पाहिले आहे का? मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आठवीत होतो.

आमचे गाव मिरज. आमच्या गल्लीत सतारी आणि तंबोरे तयार होतात. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले, ते याच गावात. गावात एका हौशी मंडळाचे जुने नाट्यगृह होते. मंडळात शिक्षक, दुकानदार, कारकून अशी साधी माणसे होती. दिवसभर काम करून ती रात्री तालमी करीत. एका पावसाळ्यात छप्पर गळू लागले आणि नाटके बंद पडली. मंडळाने घरोघर फिरून वर्गणी जमवली. दोन वर्षांत नाट्यगृह नवे झाले.

एके दिवशी मंडळाचे चिटणीस अब्बांकडे आले. नाटकात साथीला वाजणारी पायपेटी मुकी झाली होती. उंदरांनी भात्याचे कातडे कुरतडले होते. अब्बा महिनाभर रात्री जागून ती दुरुस्त करीत होते. मजुरी विचारली, तेव्हा म्हणाले, "ही माझी वर्गणी समजा."

मला राग आला. मी म्हणालो, "अब्बा, नाटक त्यांचे. आपला त्याच्याशी काय संबंध?"

अब्बांनी हातातले काम खाली ठेवले. "बेटा, उर्दूतली 'इंदरसभा' पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटक सुचले. मग १८८० मध्ये त्यांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी. ते अल्लादियाखाँसाहेबांचे शागीर्द. आता सांग, यातले त्यांचे किती आणि आपले किती?"

मला उत्तर देता आले नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी नाट्यगृह सर्वांना खुले होते. दाराला झेंडूचे तोरण होते. आत नव्या रंगाचा वास येत होता. अब्बा सवयीने मागच्या रांगेकडे वळले. चिटणिसांनी त्यांचा हात धरला आणि "चाचा, इकडे या," म्हणत त्यांना पहिल्या रांगेत बसवले.

तिसरी घंटा झाली. दिवे मंदावले. पायपेटीचा पहिला सूर आला. अब्बांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि हळूच म्हणाले, "बरोबर लागला." पडदा वर गेला. नांदी सुरू झाली.

मित्रांनो, आज अब्बा नाहीत. ती पायपेटी बिघडली, की आता मला बोलावणे येते. मीही मजुरी घेत नाही. तुमच्या गावात नाट्यगृहाचे दार उघडे दिसले, तर बाहेर उभे राहू नका. आत जा. तिथे आपल्याही कोणाची तरी मेहनत असेल.