फुली आणि फूल

एडिनबरा, ७ सप्टेंबर २०१४

आजच्या जनमत चाचणीत ‘येस’, म्हणजे स्वतंत्र स्कॉटलंडची बाजू, पुढे गेली: ५१ टक्के. बसमध्ये, दुकानात, जिन्यात दुसरा विषय नाही. इंग्लंडशी १७०७ साली बांधलेली गाठ ठेवायची की सोडायची? घरात आम्ही दोघं दोन बाजूंना. ह्यांचं म्हणणं, पौंड राहणार की नाही ते आधी सांगा, घराचं कर्ज अजून फिटायचं आहे. मला फासलेनच्या तळावरच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या नकोत, आणि इथल्या लोकांनी निवडलेलं सरकारच इथे हवं. जेवताना आवाज चढले. लेक ताट उचलून आत गेली.

१४ सप्टेंबर

बाबांचा पेडण्याहून फोन. “अगं, पासपोर्ट भारताचा आणि मत स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर?” होय बाबा. राष्ट्रकुल देशाचा नागरिक रीतसर इथे राहत असला, तर त्यालाही मत आहे. उलट खालच्या आजींचा मुलगा इथे जन्मला, वाढला, पण नोकरीला लंडनला गेला, त्याला नाही. आजींना ते फार लागलं आहे. मला मात्र हा नियम पटतो. ज्याला इथे राहून परिणाम भोगायचे, त्याने ठरवावं. आजींना हे तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सातला केंद्र उघडलं तेव्हा रांग लागलेली होती. यंत्र नाही, शाई नाही. दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, एक कागद, दोन चौकोन. मी ‘येस’समोर फुली मारली. लेक सोळा वर्षांची. या वेळी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत आहे, म्हणून शाळेच्या गणवेशातच आली. बाहेर पडल्यावर मी विचारलं, कुणाला दिलंस? “आई, ते गुप्त असतं ना?” ह्यांनी ‘नो’ला दिलं. मग तिघं एकाच बसने परतलो.

१९ सप्टेंबर

रात्रभर दूरदर्शनसमोर. क्लॅकमननशरचा पहिला निकाल ‘नो’, तेव्हाच पोटात खड्डा पडला. ग्लासगो आणि डंडी आमच्या बाजूने आले, पण पुरले नाहीत. ‘नो’ ५५.३ टक्के, ‘येस’ ४४.७. सोळा लाखांहून जास्त माणसं हरली, त्यात मी एक. मतदान ८४.६ टक्के! दुपारी स्कॉटलंड सरकारचे प्रमुख ॲलेक्स सामंड यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. संध्याकाळी ग्लासगोच्या जॉर्ज चौकात जिंकलेल्या बाजूचे काही जण दंगा करायला आले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ते पाहून संताप आला.

तरीही निकाल खोटा, असं आमच्यातलं कुणी मोठं माणूस म्हणालं नाही. त्याचं श्रेय मी १५ ऑक्टोबर २०१२च्या कराराला देते. ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरॉन आणि सामंड यांनी एडिनबऱ्यातच सह्या केल्या: मतदान कायदेशीर, आणि कौल काहीही आला तरी दोन्ही सरकारं तो मानणार. हार-जीत कुणाची हे माहीत नव्हतं तेव्हाच हे ठरलं होतं. नाहीतर आजची सकाळ मला सोसली नसती.

२१ सप्टेंबर, रविवार

सेंट जाइल्स चर्चमध्ये आज दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी समेटाची प्रार्थना होती. आजी जाऊन आल्या. परतताना दारात थांबल्या, माझा हात धरला, काही बोलल्या नाहीत. त्यांचं मत कुठे गेलं ते मला ठाऊक आहे, माझं त्यांना.

रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, हरलो. ते जरा वेळ गप्प राहिले. मग १६ जानेवारी १९६७चं सांगू लागले. गोव्याने महाराष्ट्रात जावं की वेगळं राहावं, हा कौल. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून विलीनीकरणाच्या बाजूचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी आधीच सत्ता सोडली होती. बाबांनी फुलावर शिक्का मारला. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०.

“मग तुम्ही काय केलंत, बाबा?”

“काय करणार? मार्चातल्या निवडणुकीला परत रांगेत उभा राहिलो. भाऊसाहेबच पुन्हा निवडून आले.”